तिने पाहिलेली निळी उशी

बायकोचा हेवा वाटतो, हे माणसाला कुणापाशी बोलता येत नाही. सहकाऱ्याचा वाटला तर स्टाफरूममध्ये चहाबरोबर बोलता येतं, भावाचा वाटला तर बायकोजवळ बोलता येतं. बायकोचाच वाटला तर कुणाकडे जायचं? गेले तीन महिने मी तो गिळून बसलो आहे आणि तो काही पचत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. पहिली बारा वर्षं लातूरला आणि नंतरची एकोणीस नांदेडला नोकरी करून या मे महिन्यात निवृत्त झालो. या एकतीस वर्षांत एक धडा दरवर्षी न चुकता शिकवला. जिथे मोठी झाडं संपतात, वर्षातला बराच काळ बर्फ असतं आणि वारा उभं राहू देत नाही, अशा उंच डोंगरावर वनस्पती कशी जगते? जमिनीला चिकटून, पानं एकमेकांत दाबून, उशीसारखी होऊन. एवढं सांगून मी फळ्याकडे वळायचो, पांढऱ्या खडूने पालथ्या वाटीसारखा एक अर्धगोल काढायचो आणि त्यावर निळ्या खडूने पाच-पाच पाकळ्यांची बारीक फुलं. एरिट्रिकियम नॅनम. आल्प्समध्ये त्याला राजा म्हणतात. बोटभर उंचीचा राजा म्हटलं की वर्ग हसायचा, आणि घामाने भिजलेल्या पाठीने मी पुन्हा बर्फाबद्दल बोलू लागायचो.

हे झाड मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं, पण मी स्वतःच एक घोळ करून ठेवला होता. प्रॅक्टिकलचा माझा एक नियम होता: बघितलं नाही ते काढायचं नाही. आमच्याकडची जर्नलची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या कुणाची तरी जर्नल आणायची, त्यातल्या आकृत्या जशाच्या तशा उतरवायच्या, आणि मास्तरने डोळे मिटून सही ठोकायची. मी ठोकत नसे. आकृतीवर बोट ठेवून विचारायचो, "स्वतः पाहिलंस?" पोरगं चाचरलं की लाल पेनाने आडवी रेघ. लातूरला एका मुलीची पानावरच्या रंध्रांची आकृती इतकी सुरेख होती की छापील वाटावी. तिलाही विचारलं. ती खरं बोलली, नाही म्हणाली. मी रेघ मारली. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून दुपारपर्यंत उभी राहिली. तीच आज त्या कॉलेजात विभागप्रमुख आहे. ती पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर असा कडक नियम, आणि राजाचं चित्र मात्र पुस्तकातून उतरवलेलं. ते मला टोचायचं. निवृत्तीच्या आधी नाही तर निवृत्तीनंतर, पण एकदा ते झाड या डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच इच्छा मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. बाकी घर, मुलीचं शिक्षण वगैरे सगळ्यांसारखं झालं.

मुलगी आता झुरिकजवळ नोकरीला असते. तिने जुलैमध्ये तिथल्या एका आठवड्याच्या सहलीत नाव घातलं. जाणकार बाईबरोबर डोंगरात हिंडायचं आणि रानफुलं बघायची, अशी सहल. नाव घातलं ते दोघांचं. मी फोनवर म्हणालो, "आईला त्यातलं काय कळणार आहे? ती तुझ्याकडे राहील आठवडाभर." मुलगी म्हणाली, "बाबा, एकतीस वर्षं तुमच्या सहलींचे डबे कुणी भरले?"

ते खरं होतं. दरवर्षी पावसाळा ओसरला की पोरांना घेऊन मी इस्लापूरला, सहस्रकुंडाकडे जायचो. पाठीवर झाडांचे नमुने दाबून वाळवायला रद्दी वर्तमानपत्रं आणि दाबपेटी, आणि हातात हिने पहाटे उठून केलेल्या धपाट्यांचा नि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. डबा तीसेक वेळा सहस्रकुंडाला गेला असेल. ही एकदाही गेली नाही. तिने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

ही मुखेडकडच्या एका गावची. वडलांची कोरडवाहू जमीन, त्यामुळे लग्नाआधी आयुष्य खुरपण्यात गेलेलं. शिक्षण दहावी. आपण बॉटनीच्या प्राध्यापकाची बायको आहोत याचं तिला कधी कौतुकही नव्हतं आणि दडपणही नव्हतं. मला वाटायचं, तिला झाडांमधलं काही कळत नाही. खरं म्हणजे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण एका कुरणात उभे होतो. आमची वाटाडी बाई साठीच्या पुढची, पांढरी वेणी, पिंढऱ्या दगडासारख्या. सगळ्यांनी एडलवाइसचं पांढरं लोकरी फूल बघितलं आणि एकच गलका झाला. लोक पोटावर पडून फोटो काढू लागले. हिने दोन मिनिटं बघितलं आणि मला म्हणाली, "हे तर आपल्या बांधावरच्या कंबरमोडीच्या घरातलं दिसतंय. एवढं काय त्याचं?"

ते बरोबर होतं. एकच कुळ. बीएस्सीच्या पोरांना हे ओळखायला एक सत्र लागतं. मी म्हणालो, "उगाच काहीतरी बोलू नको." बाजूला उभ्या वाटाड्या बाईने विचारलं, तुमच्या पत्नी काय म्हणाल्या? आयत्या वेळी खोटं काही सुचलं नाही. सांगितलं. बाईने भुवया उंचावल्या आणि माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघून हसली. मला ते हसू आवडलं नाही.

दुपारी तर कहरच झाला. बाकीचे लोक फुलाजवळ गुडघे टेकत, कोपरं टेकत, आडवे होत. ही सरळ उकिडवी बसली, खुरपायला बसतात तशी, आणि तशीच बसल्या बसल्या पुढे सरकत फुलामागून फूल बघत गेली. पंजाबी ड्रेस, पायात मुलीचे बूट, डोक्याला गुंडाळलेला जांभळा स्कार्फ. सगळी मंडळी तिच्याकडे बघायला लागली. एक गोरे आजोबा तसं बसायला गेले आणि मागे कलंडले. हशा पिकला. त्या सहलीत मी एकटा वनस्पतिशास्त्राचा माणूस होतो, लॅटिन नावं मला पाठ होती, आणि लोक बघत होते कुणाकडे? माझ्या बायकोच्या बसण्याकडे!

मग तिने एक चूक केली, आणि मला मनातून गार वाटलं. निळ्याशार जेन्शियन फुलांचा एक झुबका होता. त्याच्या भोवती गवताची पाती दाटली होती. हिचा हात गेलाच. तीन-चार काड्या मुळासकट उपटल्या, माती झटकली आणि त्या बाजूला टाकल्या. झाडाला हवा लागावी म्हणून. बाई धावत आली, इथे काहीच उपटायचं नसतं, ते गवतही इथलंच आहे, असं बरंच बोलली. मी ते सगळं मराठीत सांगितलं, थोडं वाढवूनच. हिने कान धरले, उपटलेल्या काड्या पुन्हा त्याच भोकात लावल्या, बोटाने माती दाबली आणि आपल्या बाटलीतलं पाणी घातलं. ते बघून बाईचा राग कुठल्या कुठे पळाला. संध्याकाळपर्यंत दोघी एकमेकींचा हात धरून चालत होत्या. भाषा एकीची दुसरीला येत नाही, मध्ये दुभाषी मी.

दुभाष्याचं काम मी किती इमानाने केलं तेही कबूल करतो. बाई एकदा थांबून मला म्हणाली की इतक्या वर्षांत मी असे डोळे असलेला माणूस क्वचित पाहिला, या बाईंना पान बघूनच झाडाचं गणगोत कळतं, हे त्यांना नक्की सांगा. मी हिला सांगितलं, "ती म्हणते, वाटेवरून चाल."

ही म्हणाली, "ती लई वेळ बोलली की. एवढंच?"

"एवढंच."

तिसऱ्या दिवशी माझ्या हेव्याने माझाच घात केला. एका उतारावर बर्फाचा शेवटचा तुकडा वितळत होता. बाईने सांगितलं, त्याच्या काठाला जांभळी घंटेसारखी फुलं असतील, बर्फातूनच वर येतात, बघा कुणाला आधी दिसतात. ही पुढे निघाली होती. नेहमीसारखी सावकाश, जमिनीवर नजर ठेवून. मला माहीत होतं, तिलाच आधी दिसणार. मी तिला ओलांडून उतारावरून अक्षरशः पळालो. साठीला टेकलेला माणूस, ओलं गवत, आणि पायात नांदेडच्या दुकानातले बूट. फुलं मला आधी दिसली हे खरं. पण मी ती आडवा पडून पाहिली आणि उठलो तेव्हा उजवा गुडघा माझा राहिला नव्हता.

सगळ्यात वरची चढण शेवटच्या दिवशी होती. तिथल्या खिंडीत, खडकांच्या भेगांमध्ये राजा फुललेला असतो. बाईने माझा सुजलेला गुडघा बघितला आणि मान हलवली. खालच्या विश्रामगृहापर्यंत रोपवेची पाळणागाडी होती. तिथून पुढे दीड तास पायी चढायचं होतं.

विश्रामगृहाच्या ओट्यावर मी पाय लांब करून बसलो. ही समोर उभी. म्हणाली, "मी जाऊ का?"

मी म्हणालो, "तुझी मर्जी."

चौतीस वर्षांच्या संसारात 'तुझी मर्जी' याचा अर्थ काय, हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्याचा अर्थ नको जाऊ. आजवर ती प्रत्येक वेळी राहिली होती. माहेरच्या लग्नांना, मैत्रिणींबरोबरच्या तुळजापूरला, सगळीकडे. त्या दिवशी तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, स्कार्फची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "बघून येते." आणि गेली.

मी ओट्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. दहा ठिपके वर चढत होते, त्यातला एक जांभळा. हेवा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी आठवडाभर जे झालं ती नुसती कुरकुर होती. खिंडीत पोचल्यावर सगळे एका खडकाभोवती गोळा झाले, वाकले, फोटो काढले, आणि दहा मिनिटांत इकडेतिकडे पांगले. जांभळा ठिपका तिथेच राहिला. उकिडवा. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, एक तास झाला. एवढा वेळ काय बघते आहे ही? माझं झाड. एकतीस वर्षं मी ज्याला फळ्यावर काढलं, ज्याच्यासाठी इथवर आलो, त्याच्यापुढे ठाण मांडून बसली आहे, आणि तिला धड त्याचं नावही म्हणता येत नाही. मला रडू येत होतं, आणि रागही. शेवटी बाईने तिच्या खांद्याला हात लावून उठवलं.

खाली आली तेव्हा वाऱ्याने तिचं नाक लाल झालं होतं. माझ्याजवळ बसली आणि घाईने म्हणाली, "आहो, ऐका ना, ते—"

"पाय ठणकतोय," मी म्हणालो. "नंतर सांग."

 ते 'नंतर' मी कधी येऊ दिलं नाही. बाईने त्या दिवशीचे फोटो पाठवले, मी ते उघडले नाहीत. मुलीच्या घरी तिने एकदा विषय काढला, मी टीव्हीचा आवाज वाढवला. नांदेडला परतल्यावर शेजारणी जमल्या. तेव्हा ती बर्फाबद्दल, गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटांबद्दल, तिथल्या संडासांबद्दलसुद्धा बोलली. त्या झाडाबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही. माझ्यासाठी ठेवलं असावं. मी मागत नव्हतो, म्हणून तसंच राहिलं.

गणपती झाल्यावर लातूरहून त्या विभागप्रमुख झालेल्या मुलीचा फोन आला. "सर, आमच्या पोरांना आल्प्सबद्दल सांगायला या. आणि मॅडमनाही आणा." आणा म्हणाली म्हणून नेलं. ही पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पर्स ठेवून.

व्याख्यान रंगलं. माझी जीभ चांगली चालते, हे मीच सांगतो. शेवटी मी म्हणालो, "आता राजा. फोटो कुणीही दाखवतो, मी काढून दाखवतो." फळ्याकडे वळलो. पांढरा अर्धगोल. निळी फुलं. हाताला सवय होती, अर्ध्या मिनिटात झालं. शंभरेक पोरांनी वह्या उघडल्या आणि उतरवून घेतलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, आमच्या मॅडम सांगतात, तुमचा नियम होता, बघितलं नाही ते काढायचं नाही. मग हे तुम्ही स्वतः पाहिलं ना?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. कौतुकाने विचारत होती. विभागप्रमुख बाजूला उभी राहून हसत होती, एकदा रेघ खाल्लेली. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. आणि पहिल्या रांगेत माझी बायको.

मी म्हणालो, "हो. पाहिलं तर."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर ती मुलगी अजून उभीच. "मग सर, त्याला वास असतो का?"

 माझ्या पुस्तकात वासाचं काही नव्हतं. हो म्हणू की नाही? खडू बोटांत मोडला. मी काही न ठरवताच पहिल्या रांगेकडे बघितलं.

ही बसल्या जागेवरूनच मागे वळली आणि त्या मुलीला म्हणाली, "त्या वाऱ्यात वास कसला कळायलाय, पोरी? आमी दोघंबी वाकून बघितलं. न्हाई आला."

पुन्हा टाळ्या पडल्या. शाल, नारळ, फोटो, सगळं यथासांग झालं.

परतताना गाडीत आम्ही मागच्या सीटवर दोघं. मी तिच्या रागाची वाट बघत होतो. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण भांडणात मी हरत नाही. पण ती खिडकीबाहेरची सोयाबीनची शेतं बघत होती. एवढंच म्हणाली की यंदा शेंगा बऱ्या धरल्यात. अहमदपूरला चहाला थांबलो. कप हातात घेऊन मी शेवटी विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"कसं होतं ते?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कशाला? तुमी बघितलं की."

त्यात टोमणा नव्हता, हीच तर पंचाईत. मी सभेत जे बोललो ते तिने खरं मानून ठेवलं होतं, माझ्या सोयीसाठी. आता तिला मला सांगता येत नव्हतं आणि मला ऐकता येत नव्हतं. जे एकुलतं एक झाड मला बघायचं होतं ते मी माझ्या तोंडाने बघून टाकलं होतं. चहा कोमट झाला तसाच प्यायलो.

लोहा मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "पण तसं नव्हतं ते. तुमी फळ्यावर काढलं तसं." आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

घरी आल्यावर दोन दिवस तसेच गेले. मला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही हेवा होताच, तो मेला जात नव्हता. शंभर पोरांच्या वह्यांत माझी पालथी वाटी जाऊन बसली होती, आणि या वेळी ती पुस्तकातली म्हणून नव्हे, सरांनी डोळ्यांनी पाहिलेली म्हणून. ती पोरं पुढे आपल्या विद्यार्थ्यांना तीच काढून दाखवतील. तिसऱ्या दिवशी सकाळी लातूरला फोन लावला.

"मी ते झाड पाहिलेलं नाही," म्हणालो. "गुडघा दुखावला, खालीच बसलो होतो. चित्रही चुकलेलं आहे. पोरांना सांग, त्यावर रेघ मारा. लाल."

  तिने विचारलं, "सर, मग मॅडमनी पाहिलंय का?"

"हो."

"मग त्यांच्याकडून काढून मिळेल का? पोरांना दाखवते."

माझ्याकडून नाही, तिच्याकडून. घ्या! एवढं कबूल करूनही हे मनात आलंच, आणि ते लपवून काय उपयोग? मी म्हणालो, "विचारतो."

ही स्वयंपाकघरात अंबाडी निवडत होती. मी कपाटातून कोरी जर्नल काढली, पेन्सिलला टोक केलं आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं. फोनवर काय बोललो ते सांगितलं. तिने भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले. "मला कुठं येतंय चित्र काढायला? मी सांगते, तुमी काढा."

"नाही," मी म्हणालो. "ज्याने बघितलं त्यानेच काढायचं."

ती जमिनीवर बसली, जर्नल पाटावर ठेवली. आधी रांगोळीसारखे चार ठिपके दिले, ते खोडले. मग खडक काढला. आधी खडकच, बराच वेळ, त्याची भेग, भेगेतली माती. मी एकतीस वर्षांत खडक कधी काढलाच नव्हता, माझी वाटी हवेतच असायची. त्या भेगेत तिने चपटं, वेडंवाकडं, दाबून बसवल्यासारखं काहीतरी काढलं. पानांवर बारीक लव काढली. म्हणाली, "आमच्या बांधावर ते खरखरीत पानाचं यायचं ना, मान खाली घातलेलं, निळसर? त्याच्या जातीतलं हाय हे. फकत ह्यानं मान वर केलीय."

ते बांधावरचं म्हणजे छोटा कल्प. एकच कुळ. 

मग तिने त्या झाडाची एक बाजू पेन्सिल आडवी धरून काळी करत नेली. "इकडून वाळलेलं होतं सगळं. जिकडून वारं येतं तिकडून. मेलेलंच म्हणा. आन् ह्या बाजूनं पान दिसू नये एवढी फुलं." फुलांना देठ नव्हते. माझ्या फळ्यावर ती देठांवर उभी असायची.

चित्र काही सुरेख नव्हतं. रेघा कापऱ्या, खोडून खोडून कागद चोळामोळा झालेला. पण ते झाड होतं. मी बघत राहिलो. मला ते कधीच दिसणार नाही, गुडघा आता तिथवर नेणार नाही, आणि हिला ते दिसलं. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. 

तिने जर्नल माझ्याकडे सरकवली, पोरं सरकवतात तशी, सहीसाठी. मी लाल पेन उघडलं. आकृतीवर बोट ठेवलं आणि सवयीने तोंडातून गेलंच.

"स्वतः पाहिलंस?"

"हाव," ती म्हणाली. "लई वेळ बसले की. तुमच्या वाटणीचंबी बघायचं होतं ना."

मला सही करायला जरा वेळ लागला.